ओठांवर फुटणारा ताप

लखनौ म्हटले की मराठी श्रोत्यांच्या मनात प्रथम उभे राहते ते गोमतीकाठचे नवाबी शहर, त्याचे इमामबाडे, त्याचे चिकनकाम आणि त्याची अदब. संगीताच्या प्रेमिकांना याच शहराशी आपले एक जवळचे नातेही आठवते. कारण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली ज्या संगीत महाविद्यालयाची स्थापना घडवून आणली, ते याच नगरीत. आज मात्र मी लखनौची ओळख एका अगदी निराळ्या बाजूने करून देणार आहे. विषय लहान आहे. लहान मुलांच्या ओठांवर, नाकाच्या कडेला किंवा तोंडात उठणारे पाण्याचे बारीक फोड, ज्यांना आपण घरात 'तापाचे फोड' म्हणतो, त्यांचा हा विषय. 'मुलाचा ताप ओठावर फुटला, आता उतरेल' असे आजीने म्हणावे आणि घरातल्यांनी निश्चिंत व्हावे, इतका तो आपल्या परिचयाचा आहे.

या क्षुल्लक दिसणाऱ्या दुखण्यासाठी लखनौपर्यंत जाण्याचे कारण असे, की कोस-दोन कोसांच्या आत वैद्यकाचे तीन कालखंड तेथे शेजारी शेजारी नांदले. जुन्या शहरातील झवाई टोल्यात हकीम अब्दुल अजीज यांनी १९०२ साली 'तकमील-उत्-तिब' हे युनानी वैद्यकाचे महाविद्यालय काढले. तेथून जवळच, मच्छी भवनाच्या जुन्या किल्ल्याच्या जागेवर, १९०५ साली किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची कोनशिला बसली. १९११ साली तेथे अध्यापन सुरू झाले आणि १९१४ साली रुग्णालय उघडले. पुढे स्वातंत्र्यानंतर, १७ फेब्रुवारी १९५१ रोजी, गोमतीच्या काठावरील छत्तर मंजिल या नवाबी राजवाड्यात पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. हकिमाची गादी, डॉक्टरचा वॉर्ड आणि संशोधकाची प्रयोगशाळा या तीन ठिकाणांवरून ओठावरच्या एका फोडाकडे पाहिले, म्हणजे माणसाला काय कळत होते, काय कळत नव्हते आणि आज आपण काय करावयास हवे, हे चांगले उमजते.

प्रथम नावांचा विचार करू. युनानी वैद्यकात अशा पसरत जाणाऱ्या फोडांना 'नमला' म्हणतात. नमला म्हणजे मुंगी. त्वचेवर मुंग्या चालल्यासारखी हुळहुळ व्हावी, आग व्हावी आणि मग बारीक फोडांचा पुंजका उठावा, हे लक्षण त्या एका शब्दात आले आहे. आयुर्वेदात त्वचेवर सरपटत जाणाऱ्या विकारांना 'विसर्प' म्हटले असून चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. ग्रीकांनी दिलेले आणि आजही जगभर चालणारे नाव 'हर्पिस'. त्याचाही अर्थ सरपटणे हाच. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की ग्रीकमधील हा धातू आणि आपला 'सर्प' ज्या धातूपासून आला तो 'सृप्', हे दोघे मूळचे सख्खे भाऊ आहेत. आपण मराठीत याच कुळातल्या, परंतु निराळ्या एका रोगाला 'नागीण' म्हणतो, तोही याच कल्पनेचा विस्तार होय. या सर्व जुन्या नावांखाली त्या काळी अनेक निरनिराळे त्वचारोग एकत्र मोडत असत, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. निरीक्षण सूक्ष्म होते, वर्गीकरण अद्याप व्हावयाचे होते.

हकिमांच्या मते हा विकार 'सफरा' म्हणजे पित्त पातळ व उष्ण झाल्याने होई. म्हणून उपचार शीतल. लखनौच्या सामान्य घरांतून मात्र आणखी एक समजूत चाले, आणि उत्तरेत ती आजही ऐकू येते : अंगावरून मकडी, म्हणजे कोळी, फिरला किंवा मुतला की असे फोड येतात. फोड देवीचे वाटले तर पावले शीतलामातेकडे वळत. लखनौच्या मेहंदीगंज भागात शीतलादेवीचे मंदिर आहे आणि होळीनंतरच्या अष्टमीला तेथे 'आठों का मेला' भरतो. त्या दिवशी चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खावयाचे. आपल्याकडे श्रावणातल्या शितळा सप्तमीलाही हाच नेम. देवीचा रोग भारतातून गेल्याचे १९७७ साली जाहीर झाले, पण फोडाच्या मुलाला थंड खाऊ घालण्याची चाल उरली. तोंड आलेल्या मुलाच्या बाबतीत ही चाल, कारण वेगळे असले तरी, हिताचीच ठरते. ते कसे, हे पुढे येईल.

आता मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात जाऊ. लखनौच्या उत्तरेला हिवतापाची तराई. ज्या काळात रक्त तपासण्याची सोय मोजक्याच ठिकाणी होती, त्या काळात वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवीत, की रोग्याच्या ओठाकडे नीट पाहा. हिवतापात आणि न्यूमोनियात ओठांवर फोड वारंवार येतात, विषमज्वरात क्वचितच येतात. म्हणजे ओठावरचा फोड हा तापाची जात ओळखण्याची एक खूण होता. ताप आणि फोड यांचा संबंध फार प्राचीन काळापासून माहीत होता. रोममध्ये सुमारे इसवी सन १०० च्या काळात हेरोदोतस नावाच्या एका वैद्याने ताप उतरणीला लागताना तोंडाभोवती येणाऱ्या फोडांचे वर्णन केले आहे. आपली आजी म्हणते तेच तो म्हणत होता.

परंतु यात एक कोडे होते. फोड जर तापाने येतात, तर हिवताप, न्यूमोनिया, साधे पडसे, एवढेच काय, उन्हात फिरणे आणि अतिशय थकणे, अशा इतक्या निरनिराळ्या कारणांनी अगदी एकाच प्रकारचा फोड, त्याच माणसाला, त्याच जागी का यावा? ताप हे फोडाचे बीज आहे, की बीज आधीच पेरलेले असून ताप हा केवळ पाऊस आहे?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. १८९३ साली फ्रान्समधील व्हिदाल याने दाखवून दिले, की हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला लागतो. १९१२ साली जर्मनीतील मारबुर्ग येथील नेत्रवैद्य ग्र्यूटर याने रोग्याच्या फोडातील द्रव सशाच्या डोळ्यावर टोचून तेथे तोच रोग उठवला. म्हणजे फोडात सांसर्गिक काही आहे, हे ठरले. पण मग मोठी माणसे तर एकमेकांकडून हा रोग नव्याने घेताना फारशी दिसत नाहीत. तो त्यांच्यात येतो कोठून?

उत्तर अखेर लहान मुलांच्या तोंडात सापडले. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एकाएकी जोराचा ताप यावा, हिरड्या लाल होऊन सुजाव्यात, त्यांतून रक्त यावे, जिभेवर, गालांच्या आत आणि ओठांवर फोड येऊन त्यांचे व्रण व्हावेत, लाळ गळावी आणि मुलाने अन्नपाणी टाकावे, हे दुखणे सर्व देशांतील आयांना ठाऊक होते. त्याचा दोष कोणी दातांना देई, कोणी पोटातील उष्णतेला. १९३८ साली अमेरिकेतील कॅथरिन डॉड आणि तिच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की या मुलांच्या तोंडात तोच हर्पिसचा विषाणू असतो. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी या सर्व धाग्यांची एक वीण केली. त्यांनी मांडले, की हा विषाणू बहुतेकांना बालपणीच गाठतो, आणि एकदा आला की जन्मभर शरीरात वस्तीला राहतो. तो कोठे राहतो, हे १९७१ साली स्टीव्हन्स आणि कुक यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखवले : मज्जातंतूंच्या गाठींत तो निपचित पडून असतो. माणसाच्या चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या तंतूंची अशी एक गाठ कानाच्या पुढल्या बाजूस, कवटीच्या तळाशी आहे. ताप, ऊन, थकवा, इजा यांनी त्याला जाग आली की तो त्याच तंतूवरून उतरून त्याच जागी पुन्हा फोड उठवतो. आता कोडे सुटले. मोठ्यांच्या ओठावरचा फोड हा बालपणी झालेल्या संसर्गाचा प्रतिध्वनी होय.

श्रोतेहो, येथून प्रश्न इतिहासाचा न राहता घराचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात या विषाणूचा पहिला प्रकार आहे. ज्यांच्या शरीरात तो आहे त्यांतील पुष्कळांना फोड कधी येतच नाही, आणि तरीही त्यांच्या लाळेतून तो अधूनमधून बाहेर पडत असतो. तेव्हा मुलाला त्याच्यापासून सर्वस्वी दूर ठेवणे कोणाच्याच हाती नाही. प्रश्न उरतो तो इतकाच, की लागण झालीच तर ती कोणत्या वयात होते आणि त्या वेळी आपण काय करतो.

उपचारांचा इतिहास फार काळ निराशेचाच आहे. हिंदुस्थानातल्या घरोघरी तोंड आलेल्या मुलाला मधातून टाकणखार लावीत. लखनौकडे त्यालाच सुहागा म्हणतात. दवाखान्यांत तोंडाला जांभळे औषध फासत. मध्यंतरी पाश्चात्त्य देशांत ज्यांना वारंवार फोड येत त्यांना देवीची लस पुनःपुन्हा टोचण्याची पद्धत पडली. तिचा काही उपयोग नाही असे परीक्षणांत ठरल्यावर ती मागे पडली. खरा मार्ग सापडला तो अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत. गर्ट्रूड एलियन या विदुषीला, केवळ ती स्त्री म्हणून, तरुणपणी संशोधनाची जागा मिळत नव्हती. तिच्या गटाने १९७० नंतरच्या दशकात 'असायक्लोव्हिर' या औषधाचे कार्य उलगडून दाखवले. हे औषध शरीरात हिंडते, पण ज्या पेशीत हर्पिसचा विषाणू शिरला आहे तेथेच ते कार्यक्षम होते. कारण त्याला जागे करणारा पदार्थ विषाणूच तयार करतो. चोराच्याच किल्लीने चोराला कोंडावे, तसा हा प्रकार. १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकात एलियनचा वाटा होता. छत्तर मंजिलमध्ये ज्या संस्थेचा आरंभ झाला आणि जी पुढे जानकीपुरमच्या नव्या परिसरात गेली, तिच्या प्रयोगशाळांतून भारताला दुसरी मोलाची औषधे लाभली. हे औषध तेथले नव्हे. पण रोगाचे मर्म ओळखून त्यावर नेमके औषध रचावे, हा जो विचार त्या राजवाड्यात रुजवला गेला, त्याच विचाराचे हे फळ आहे.

मात्र हे औषध विषाणूला हाकलून देऊ शकत नाही. गाठीत झोपलेल्या विषाणूपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तोंड आलेल्या लहान मुलाला पहिल्या तीन दिवसांच्या आत ते पोटातून दिले तर ताप, व्रण आणि खाण्याची अडचण यांचे दिवस कमी होतात. म्हणून ताप आणि तोंडातले फोड एकदम दिसले तर डॉक्टरांकडे लवकर जावे; आठवडा वाट पाहून जाण्यात अर्थ नाही. साध्या, वारंवार येणाऱ्या ओठावरच्या फोडाला बहुधा कसलेच औषध लागत नाही. तो आठ-दहा दिवसांत खपली धरून जातो. प्रतिजैविकांचा या विषाणूवर परिणाम होत नाही. घरात पडलेले स्टेरॉइडचे मलम तर मुळीच लावू नये.

घरच्या शुश्रूषेचे पहिले कलम पाणी. या दुखण्यात मुलाला खरा धोका असतो तो तहानेचा. तोंड झोंबते म्हणून ते पीत नाही आणि शरीर सुकत जाते. येथे शीतलेच्या नेमातील ती थंड अन्नाची चाल उपयोगी पडते. गार दूध, शहाळ्याचे पाणी, मऊ दहीभात, पातळ खीर थंड करून, चमच्याचमच्याने आणि वारंवार द्यावी. संत्रे, लिंबू, तिखट आणि खारट टाळावे. वेदनेसाठी डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलेले पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. मध आणि टाकणखार या जुन्या जोडीला आता रजा दिली पाहिजे. टाकणखार बाळाला विषारी आहे, आणि वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवण्यात जिवाचा धोका असतो. मूल सहा-आठ तास लघवीला गेले नाही, रडताना डोळ्यांतून पाणी येईनासे झाले, ते मलूल पडले, तर रुग्णालय गाठावे. डोळा लाल झाला किंवा डोळ्यापाशी फोड दिसला तर त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. हा विषाणू बुबुळावर व्रण करून दृष्टी अधू करू शकतो. ज्या मुलाच्या अंगावर इसब आहे त्याच्या त्वचेवर हे फोड वणव्यासारखे पसरतात, तेथेही उशीर नको. लाळ गळणाऱ्या मुलाची बोटे तोंडातून काढून हात धुवावेत, नाहीतर फोड बोटावर आणि बोटावरून डोळ्यावर जातो. त्याचा पेला, चमचा आणि पंचा निराळा ठेवावा.

या सर्वांहून गंभीर गोष्ट नवजात बाळाची. जन्मानंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत हा विषाणू बाळाला लागला तर तो यकृतात, फुप्फुसांत, मेंदूत शिरतो. सर्वांगी पसरलेल्या अशा रोगात उपचार न झाल्यास पाचांतील चार बाळे दगावतात. बहुतेक बाळांना तो प्रसूतीच्या वेळी आईकडून मिळतो. पण सुमारे दहांतील एकाला तो जन्मल्यानंतर, कोणाच्या तरी ओठांवरून किंवा हातांवरून मिळतो. आणि हा दहावा भाग सर्वस्वी आपल्या हातचा आहे.

आपल्या जुन्या चालीरीतींना हे अंधुकपणे ठाऊक होते की काय, असे वाटावे अशी त्यांची रचना आहे. लखनौच्या मुसलमान घरांत बाळंतीण आणि बाळ चाळीस दिवसांच्या 'चिल्ल्या'त असतात. हिंदू घरांत सौरीची खोली वेगळी. आपल्याकडे सुवेर, बाळंतिणीची खोली आणि दहा दिवसांची सोयर. पण याच काळात तेथे छठी आणि येथे सटवी व बारसे येते. छठी आणि सटवी ही एकाच षष्ठीची दोन नावे. त्या दिवशी घर भरते आणि बाळ हातोहाती फिरून प्रत्येकाच्या मुक्याला सामोरे जाते. भिंत बांधली, पण दार उघडे राहिले.

पूर्वी या उघड्या दाराचे संकट काहीसे सौम्य होते, त्याचे एक कारण आहे. गजबजलेल्या घरांत वाढलेल्या बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग बालपणीच होऊन गेलेला असे, आणि त्यांच्या रक्तातील प्रतिकारद्रव्ये बाळाला गर्भातच मिळत. आज घरे लहान झाली, सुखवस्तू कुटुंबांत कित्येक मुली या विषाणूला न भेटताच मोठ्या होतात. त्या माता झाल्या की त्यांच्या बाळापाशी ही शिदोरी नसते. राहणीमान सुधारले म्हणून सावधगिरी सैल करता येईल, असे येथे होत नाही. उलट ती वाढवावी लागते. या विषाणूवर अद्याप लस नाही, हेही विसरू नये.

ती सावधगिरी काय आहे? ओठावर फोड असेल, मुंग्या आल्यासारखे वाटत असेल किंवा खपली अजून पडली नसेल, तर नवजात बाळाला कोणीही चुंबू नये. आजोबांनीही नाही, आत्यानेही नाही. पहिल्या महिना-दीड महिन्यात इतरांनीही बाळाच्या तोंडाचा मुका घेण्याचे टाळावे. बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. आईलाच फोड आला असेल तर तिने तो झाकून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे. स्तनावर फोड नसला तर दूध तोडण्याचे कारण नाही. चमचा आपल्या तोंडात घालून बाळाला भरवू नये, घास चावून देऊ नये, चोखणी थुंकीने ओली करू नये. गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, आईला असे फोड प्रथमच आले तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्तावले, त्याला ताप किंवा झटके आले, अंगावर पाण्याचा फोड दिसला, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. तेथे हेच औषध शिरेतून दोन ते तीन आठवडे दिले जाते आणि वेळेवर मिळाले तर जीव वाचतो.

बाळाला चुंबू नका, हे एखाद्या आजीला सांगणे सोपे नाही, हे मी जाणतो. तिला तो आपल्या मायेचा अव्हेर वाटेल. पण लखनौच्या अदबीतच यावर तोड आहे. तेथील वडीलधारी स्त्री लेकराच्या 'बलाएँ' घेते : दोन्ही हात लेकरावरून दुरून ओवाळते, आपल्या कानशिलांशी नेते आणि कडाकडा बोटे मोडते. लेकरावरची सारी संकटे तिने आपल्या अंगावर घेतली, असा त्याचा भाव. आपल्या घरांतूनही आज्या याचप्रमाणे अलाबला घेत आल्या आहेत. या मायेत ओठांचा स्पर्श नाही, आणि ओलावा तसूभरही कमी नाही. पुढच्या बारशाला घरात जमलेल्या मंडळींनी बाळाचा मुका घेण्याऐवजी त्याची अशी अलाबला घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.